बारावीनंतर घर सोडताना : सौंदड परिसरातील नव्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी

सौंदड : बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि महाविद्यालयांचे प्रवेश जून-जुलैत होतात. सौंदड परिसरात नेमका हाच काळ पऱ्हे टाकण्याचा आणि रोवणीचा असतो. घरातील सारे हात बांधीत गुंतलेले असतात. हाताशी असलेला पैसा बियाणे, खत आणि रोवणीच्या मजुरीवर खर्च झालेला असतो आणि धानाचे पैसे हाती यायला दिवाळी उजाडते. शहरातील पालकांना प्रवेश शुल्काची चिंता असते. धानपट्ट्यातील पालकांना मात्र शुल्कासोबत वेळेचीही चिंता असते. एका दाखल्यासाठी सडक अर्जुनीच्या तहसील कार्यालयात गेलेला दिवस म्हणजे रोवणीचा एक दिवस बुडालेला असतो. त्यामुळे पहिल्या वर्षी अडचणीत येणारे बहुतेक विद्यार्थी अभ्यासात कमी पडलेले नसतात. एखादा कागद, एखादी तारीख किंवा एखादा हप्ता त्यांच्याकडून सुटलेला असतो.

सौंदड हे राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरील, म्हणजे पूर्वीच्या क्रमांक ६ वरील, आणि गोंदिया-नागभीड-बल्लारशा लोहमार्गावरील गाव आहे. या दोन्ही मार्गांमुळे येथील विद्यार्थ्याला शिक्षणाच्या अनेक वाटा मोकळ्या आहेत. पश्चिमेला भंडारा जिल्ह्यातील साकोलीचे मनोहरभाई पटेल महाविद्यालय आहे. दक्षिणेला अर्जुनी मोरगावचे शिवप्रसाद सदानंद जायस्वाल महाविद्यालय आहे. गोंदियात धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय व नटवरलाल माणिकलाल दलाल महाविद्यालय आहे. मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली. त्यानंतरच या भागातील मुलांना पदवीसाठी नागपूर गाठण्याची सक्ती हळूहळू कमी झाली. २०१६ मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. तरीही अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र किंवा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी नागपूर आणि पुण्याकडे जाणाऱ्यांचा ओघ कायम आहे.

विद्यापीठ कोणते, हे आधी पाहावे

महाविद्यालय निवडताना अंतर, शुल्क आणि नाव पाहिले जाते. विद्यापीठ कोणते, हे क्वचितच पाहिले जाते. गोंदिया, भंडारा, नागपूर व वर्धा हे चार जिल्हे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतात. हे विद्यापीठ १९२३ चे असून त्याला सध्याचे नाव २००५ मध्ये मिळाले. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे मात्र २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे गेले आहेत. सौंदडहून रेल्वेत बसलेला विद्यार्थी अर्जुनीला उतरला तर तो नागपूर विद्यापीठाचा होतो. तोच पुढे वडसा किंवा ब्रह्मपुरीला उतरला तर गोंडवाना विद्यापीठाचा होतो. गाडी तीच असते आणि प्रवासही जेमतेम थोडा वाढतो, पण अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकालाची यंत्रणा वेगळी असते.

पहिल्या वर्षी प्रवेश घेताना हा फरक जाणवत नाही. एक-दोन वर्षांनी महाविद्यालय बदलण्याची वेळ आली की तो जाणवतो. अशा वेळी स्थलांतर प्रमाणपत्र काढावे लागते, नव्या विद्यापीठाकडून पात्रता ठरवून घ्यावी लागते आणि विषय जुळवावे लागतात. मध्य प्रदेशातील बालाघाट किंवा छत्तीसगडमधील राजनांदगावकडे जाऊ इच्छिणाऱ्यांनी राज्य मंडळाचे स्थलांतर प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. पुणे किंवा मुंबई येथे जाणाऱ्या राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याला बारावीनंतर सहसा त्याची गरज पडत नाही.

कागदपत्रांची पिशवी

गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि छायाचित्रे एवढी तयारी सर्वांचीच असते. अडचण येते ती उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमिलेयर आणि अधिवास प्रमाणपत्र यांच्या बाबतीत. यांपैकी जात वैधता प्रमाणपत्राला सर्वाधिक वेळ लागतो. पडताळणी समिती वडिलांकडील नात्यातील जुने पुरावे मागते. त्यात आजोबांच्या शाळेचा दाखला, कोतवाल पंजीतील नोंद, वंशावळ आणि एखाद्या नातलगाचे वैधता प्रमाणपत्र यांचा समावेश होतो. अनुसूचित जमातींच्या, त्यातही हलबासारख्या जमातींच्या दाव्यांत ही तपासणी अधिक काटेकोर होते आणि वर्षानुवर्षे रेंगाळलेली प्रकरणे या भागाला नवी नाहीत. म्हणून वैधतेसाठीचा अर्ज बारावीचा निकाल लागल्यावर करण्यात अर्थ नाही. अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीला, शाळेच्या शिक्क्यासह तो दाखल व्हायला हवा. बारावी विज्ञान शाखेतील आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना तर हे प्रमाणपत्र लागतेच.

दाखल्यांसाठीच्या प्रतिज्ञापत्राबाबत एक गैरसमज गावोगावी टिकून आहे. जात, उत्पन्न, अधिवास अशा दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात सादर करावयाच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. राज्य शासनाने २००४ मध्येच त्यावरील शुल्क माफ केले आहे. किमान मुद्रांक शुल्क २०२४ मध्ये १०० वरून ५०० रुपये झाले, तेव्हा ही माफी अधिकच मोलाची ठरली. तरीही काउंटरवर मुद्रांकाची मागणी झाल्यास पालकांनी साध्या कागदावर प्रतिज्ञापत्र स्वीकारण्याची विनंती करावी आणि नकार मिळाल्यास तहसीलदारांना भेटावे. दाखले ठरावीक मुदतीत देणे हे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिकाऱ्यांवर बंधनकारक आहे. अर्जाची पोचपावती हा त्याचा आधार असल्याने ती जपून ठेवावी.

मूळ कागदपत्रे महाविद्यालयात जमा करण्याची प्रथा अजूनही काही ठिकाणी दिसते. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०१८ मध्ये याविषयी स्पष्ट सूचना दिल्या आहेत. मूळ प्रमाणपत्रे पडताळून लगेच परत करावीत आणि संस्थेने ती अडकवून ठेवू नयेत, असे त्यात म्हटले आहे. प्रवेश रद्द केल्यास शुल्क परत करण्याचे प्रमाणही त्याच सूचनेत ठरले आहे. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळते. त्यातून प्रक्रियेपोटी कमाल ५ टक्के, तेही ५ हजार रुपयांच्या मर्यादेत, कापता येतात. अंतिम तारखेआधी १५ पेक्षा कमी दिवस उरले असल्यास ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के आणि त्यापुढे ३० दिवसांपर्यंत ५० टक्के शुल्क परत मिळते. त्यानंतर काहीही मिळत नाही. नंतरच्या काही वर्षांत आयोगाने त्या-त्या वर्षापुरत्या अधिक उदार सूचनाही काढल्या. जवळच्या महाविद्यालयात नाव घालून पुढच्या फेरीची वाट पाहणाऱ्या कुटुंबांनी या तारखा भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवलेल्या बऱ्या. रद्द करण्याचा अर्ज तोंडी चालत नाही. तो लेखी द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक घ्यावा.

शिष्यवृत्ती : अर्जापेक्षा पाठपुरावा मोठा

बहुतेक राज्य शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या एकाच संकेतस्थळावर भरले जातात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती असून तिची वार्षिक उत्पन्न मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास फ्रीशिपचा विचार होतो. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिची उत्पन्न मर्यादा ८ लाख रुपये आहे. व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यास, शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय शासनाने जुलै २०२४ मध्ये घेतला. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतलेल्यांना ती मिळत नाही. एजंटाच्या सांगण्यावरून थेट प्रवेश घेणाऱ्या कुटुंबांना हे फार उशिरा कळते.

अर्ज भरणे हे काम अर्धेच असते. अर्ज आधी महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला जातो आणि तेथून संबंधित विभागाकडे जातो. यांपैकी कुठेही त्रुटी निघाल्यास तो विद्यार्थ्याकडे परत येतो. परत आल्याचा संदेश भ्रमणध्वनीवर येतो आणि अनेकदा तो क्रमांक गावातील सायबर कॅफेवाल्याचा असतो. म्हणून नोंदणी करताना क्रमांक स्वतःचा किंवा घरातील व्यक्तीचा द्यावा, परवलीचा शब्द वहीत लिहून ठेवावा आणि दर पंधरवड्याला अर्ज कुठवर पोहोचला ते स्वतः पाहावे. रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. केवळ बँकेत आधार दिले म्हणजे खाते जोडले गेले, असे नाही. एकाहून अधिक खाती असल्यास सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात आणि ते खाते वडिलांनी कधीतरी उघडून विसरलेलेही असू शकते.

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के हिस्सा २०२१-२२ पासून थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यातील शुल्काची रक्कम विद्यार्थ्याने महाविद्यालयात भरायची असते. ही रक्कम नेमकी अशा वेळी येऊ शकते, जेव्हा घरात मळणीयंत्राचे भाडे द्यायचे असते किंवा उसनवारी फेडायची असते. ती घरखर्चात गेली की वर्षाच्या शेवटी महाविद्यालयाच्या खात्यात विद्यार्थ्याच्या नावे थकबाकी उभी राहते आणि परीक्षेच्या अर्जाच्या वेळी ती समोर येते. यात दोष कोणाचा, हे ठरवणे कठीण आहे. पालकांना आधीच कल्पना दिली आणि शुल्काचा हिस्सा आल्या दिवशीच वेगळा काढला, तर पुढचा मनस्ताप वाचतो.

धान विकल्यावर शुल्क भरण्याची सोय अनेक महाविद्यालये देतात, मात्र ती मागावी लागते. प्राचार्यांच्या नावे साधा अर्ज करावा. त्यात घरी शेती असून आधारभूत खरेदी केंद्रावर धान दिल्यानंतर रक्कम भरता येईल, असे लिहावे आणि हप्त्यांच्या तारखा स्वतः सुचवाव्यात. लाजेपोटी हा अर्ज न करणारे आणि मग तास बुडवणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात.

राहण्याची सोय

शासकीय वसतिगृहांचे प्रवेश गुणवत्तेवर होतात आणि त्यांची अंतिम तारीख महाविद्यालयाच्या तारखेशी जुळत नाही. सामाजिक न्याय विभागाच्या वसतिगृहांची माहिती गोंदियातील सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात मिळते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी देवरीचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणजे वाट संपली, असे समजू नये. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना, तर इतर मागास, विमुक्त व भटक्या प्रवर्गांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्यांना भोजन, निवास व निर्वाहासाठी त्यांतून थेट रक्कम मिळते. नागपूर, पुणे, मुंबई यांसारख्या शहरांसाठी स्वाधारची वार्षिक रक्कम ६० हजार रुपये ठरली आहे. ही रक्कम महिन्याच्या महिन्याला येत नाही. खोलीमालक मात्र भाडे दर महिन्याला मागतो. त्यामुळे किमान तीन-चार महिन्यांच्या भाड्याची तजवीज घरूनच करावी लागते.

भाड्याची खोली घेताना अनामत रकमेची पावती, वीजबिलाची पद्धत आणि खोली सोडण्याची पूर्वसूचना या तीन गोष्टी लेखी असाव्यात. स्वाधारसारख्या योजनांसाठी भाडेकरारनामा लागतो आणि काही मालक तो करून देण्यास नाखूश असतात. हे खोली ठरवण्यापूर्वीच विचारून घ्यावे. खानावळीचे पैसे पूर्ण महिन्याचे आगाऊ देण्याऐवजी पहिला आठवडा रोजच्या दराने जेवून पाहणे शहाणपणाचे. तांदळावर वाढलेल्या मुलांना नागपुरातील पोळीप्रधान ताट पहिले काही दिवस पुरत नाही, हाही अनुभवाचाच भाग आहे.

रोजची ये-जा

घरूनच ये-जा करणाऱ्यांसाठी सवलतींचे नियम नीट समजून घेणे गरजेचे आहे. एस.टी. महामंडळाची अहिल्याबाई होळकर मोफत पास योजना मुलींसाठी बारावीपर्यंतच आहे. पदवीच्या पहिल्या वर्षात पाऊल ठेवताच तो पास थांबतो आणि अनेक मुलींना हे आगाराच्या खिडकीवरच कळते. त्यानंतर विद्यार्थ्यांचा सवलतीचा मासिक पास घ्यावा लागतो. त्यात ६६.६७ टक्के सूट असते. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.च्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे, परंतु रोज प्रवास करणाऱ्या विद्यार्थिनीला पासच स्वस्त पडतो.

रेल्वेचा नियम याहून उदार आहे आणि तो फारसा कोणाला ठाऊक नाही. घर ते शिक्षणसंस्था या प्रवासासाठी द्वितीय श्रेणीचा मासिक पास मुलांना बारावीपर्यंत आणि मुलींना पदवीपर्यंत मोफत आहे. म्हणजे सौंदडहून गोंदियाला रेल्वेने जाणाऱ्या बी.ए., बी.कॉम. वा बी.एस्सी.च्या विद्यार्थिनीला भाड्याचा खर्च येऊ नये. पदवी घेणाऱ्या मुलांना मासिक पासात ५० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के सवलत मिळते. नागपूर, पुण्याला राहणाऱ्यांना सुट्टीत घरी येण्यासाठी द्वितीय श्रेणी व शयनयानात हीच सवलत असते. यासाठी प्राचार्यांच्या सहीचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र स्थानकावर द्यावे लागते. महाविद्यालयाच्या कार्यालयात त्याचे पुस्तक असते. ते संपले असल्यास मागणी नोंदवावी. या मार्गावर गाड्या थोड्या असतात आणि वेळाही बदलतात. त्यामुळे वेळापत्रक आणि तासिका यांचा मेळ प्रवेशाआधीच घालून पाहावा. पहिली तासिका रोज बुडणार असेल, तर मोफत पासाचाही उपयोग होत नाही.

दुचाकीने जाणाऱ्यांविषयी थोडक्यात. महामार्गावर अवजड वाहनांची वर्दळ रात्रंदिवस असते. कोहमारा ते गोंदिया रस्ता मुरदोलीच्या जंगलातून जातो. नवेगाव-नागझिऱ्याच्या वन्यप्राण्यांचा हा ये-जा करण्याचा मार्ग असून ऑगस्ट २०२३ मध्ये येथे वाहनाच्या धडकेत वाघाचा मृत्यू झाला होता. अंधार पडल्यावर या रस्त्याने दुचाकीवर तिघांनी येणे हे धाडस नसून बेफिकिरी आहे.

शाळेसारखे येथे कोणी हाक मारणार नाही

कनिष्ठ महाविद्यालयापर्यंत गैरहजर विद्यार्थ्याच्या घरी निरोप जातो. पदवी महाविद्यालयात सहसा असे होत नाही. ७५ टक्के हजेरीचा नियम सर्वांना माहीत असतो, मात्र त्याचा हिशेब सत्राच्या अखेरीस मांडला जातो. रोवणीचे दोन-तीन आठवडे आणि कापणीचे दोन-तीन आठवडे मिळून एका सत्रातील हजेरीचा मोठा भाग जातो. घरच्या शेतीसाठी थांबणे भाग असेल, तर वर्गशिक्षकांना आधी सांगावे आणि वहीची देवाणघेवाण करणारा एक सोबती ठरवून ठेवावा. ग्रामीण महाविद्यालयांतील प्राध्यापकांना धानाचे वेळापत्रक माहीत असते. शहरातील प्राध्यापकांना ते सांगावे लागते.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रमाची रचनाही बदलली आहे. मोठी भावंडे ज्या पद्धतीने पदवीधर झाली ती आता उरलेली नाही. मेजर म्हणजे मुख्य विषय आणि मायनर म्हणजे जोडविषय. त्यांच्यासोबत कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे व भारतीय ज्ञानपरंपरेचे छोटे विषय असतात. प्रत्येकाला श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, असतात. साधारणपणे सत्रातील १५ तासांच्या अध्यापनाला एक श्रेयांक असतो. प्रात्यक्षिकासाठी एका श्रेयांकाला ३० तास लागतात. पहिले वर्ष पूर्ण करून थांबल्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स पदवी अशी व्यवस्था आहे. मधे थांबताना काही जादा श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करण्याची अट असते. हे श्रेयांक २०२१ मध्ये सुरू झालेल्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. त्याची ओळखसंख्या काढताना नाव व जन्मतारीख आधार आणि बारावीच्या गुणपत्रिकेशी तंतोतंत जुळायला हवी. गुणपत्रिकेत आडनाव आधी आणि आधारमध्ये शेवटी, किंवा वडिलांच्या नावात एका अक्षराचा फरक, अशा किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर निकाल अडकतात.

जोडविषय निवडताना मित्राने घेतला म्हणून घेऊ नये. त्या विषयाला महाविद्यालयात पूर्णवेळ शिक्षक आहे का, हा खरा प्रश्न असतो. पहिल्या आठवड्यात वरच्या वर्गातील दोन-तीन विद्यार्थ्यांना विचारले तर त्याचे उत्तर मिळते. विषय बदलण्याची मुदत थोड्या दिवसांची असते. नागपूर विद्यापीठात परीक्षा हिवाळी व उन्हाळी अशा दोन हंगामांत होतात. परीक्षेचा अर्ज भरल्यावर त्यावरील विषयांची नावे स्वतः वाचून पाहावीत. प्रवेशपत्रावर भलताच विषय छापून आल्यावर होणारी धावपळ परीक्षेच्या आदल्या दिवशी परवडत नाही. निकालाबाबत शंका असल्यास उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते. ती मिळण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये माहिती अधिकाराच्या एका प्रकरणात मान्य केला आहे.

ग्रंथालयाचे कार्ड पहिल्याच आठवड्यात काढावे. गरजू विद्यार्थ्यांना संपूर्ण सत्रासाठी पुस्तकांचा संच देणारी बुक बँक अनेक महाविद्यालयांत असते. संच मर्यादित असतात आणि जो आधी विचारतो त्याला ते मिळतात. राष्ट्रीय सेवा योजना आणि एनसीसी या दोन्हींत प्रवेश पहिल्या वर्षीच घेतलेला बरा. एनसीसीचे ‘बी’ प्रमाणपत्र दोन वर्षांनी आणि ‘सी’ प्रमाणपत्र तिसऱ्या वर्षी मिळते. दुसऱ्या वर्षी दाखल होणाऱ्याच्या हाती तीन वर्षांच्या पदवीत ‘सी’ प्रमाणपत्र सहसा लागत नाही. पोलीस व सैन्यभरतीकडे डोळे लावून बसलेल्या या भागातील मुलामुलींनी हे आवर्जून लक्षात घ्यावे.

बोलीवरून हसणे हाही गुन्हाच

या परिसरातील विद्यार्थी झाडीबोली बोलतच मोठे होतात. नागपुरात ती चटकन ओळखली जाते आणि पुण्यात तिचा सूर वेगळा म्हणून वर्गात हशा पिकतो. पहिल्या महिन्यात तोंड न उघडणारी, प्रश्न विचारायचे टाळणारी मुले बुद्धीने कमी नसतात. आपल्या बोलण्याला हसतील या धास्तीने ती गप्प असतात. वास्तविक झाडीबोलीला स्वतंत्र साहित्य आहे आणि वडशाच्या आसपास फुललेल्या झाडीपट्टी रंगभूमीची नाटके रात्रभर हजारो प्रेक्षकांना बसवून ठेवतात. प्रमाण मराठी लिहिण्या-बोलण्याचा सराव परीक्षेसाठी व मुलाखतीसाठी करावाच, पण त्यासाठी घरची बोली टाकून देण्याचे कारण नाही.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही, त्याला नियमाचा आधार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम जून २००९ मध्ये लागू केले. त्याआधी मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील अमन काचरू या वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाला होता. २०१६ मधील दुरुस्तीने रॅगिंगची व्याख्या रुंदावली. जात, धर्म, वंश, लिंग, रूप यांबरोबरच प्रदेश, भाषिक ओळख, जन्मस्थान, राहण्याचे ठिकाण आणि आर्थिक पार्श्वभूमी यांवरून केलेला शारीरिक वा मानसिक छळही आता रॅगिंग ठरतो. एखाद्या विद्यार्थ्याला त्याच्या बोलीवरून, गावावरून किंवा वडिलांच्या गरिबीवरून सातत्याने हिणवणे ही ‘गंमत’ राहिलेली नाही.

महाराष्ट्राचा स्वतःचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा तर १९९९ पासून आहे. त्यानुसार दोषीला दोन वर्षांपर्यंत कारावास व १० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला काढून टाकले जाते आणि पाच वर्षे अन्य कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश मिळत नाही. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची असते आणि दुर्लक्ष केल्यास त्यालाच गुन्ह्याला साहाय्य केल्याचे मानले जाते. तक्रार आधी रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी द्यावी. तसे करणे धोक्याचे वाटल्यास १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर चोवीस तास तक्रार नोंदवता येते. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी व पालक जे रॅगिंगविरोधी हमीपत्र भरतात ते बहुधा न वाचताच सही केले जाते. पुढे वरच्या वर्गात गेल्यावर तेच हमीपत्र आपल्यालाही लागू असते, हे विसरले जाते.

मुलींच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक महाविद्यालयात अंतर्गत समिती असणे २०१३ च्या कायद्याने बंधनकारक आहे. आयोगाच्या २०१५ च्या विनियमांनी विद्यार्थिनींना तिचे पूर्ण संरक्षण दिले आहे. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची असते. समितीच्या सदस्यांची नावे दर्शनी फलकावर लावलेली असतात. पालकांनी प्रवेशाच्या दिवशी तो फलक पाहून नावे टिपून घ्यावीत. फलकच नसेल, तर तेही बरेच काही सांगून जाते.

पैसा, फोन आणि मन

शहरात नव्याने आलेल्या विद्यार्थ्याकडे दोन प्रकारचे लोक हमखास पोहोचतात. एक जण शिष्यवृत्ती लवकर मंजूर करून देतो म्हणत ओटीपी मागतो. दुसरा काही दिवसांसाठी बँक खाते वापरायला द्या, महिन्याला ठरावीक रक्कम देतो, असे सांगतो. पहिल्यात खाते रिकामे होते. दुसऱ्यात सायबर फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो आणि पोलिसांची नोटीस खातेदाराच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या, गावच्या पत्त्यावर येते. फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. पहिल्या काही तासांत कळवल्यास रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते.

घराची ओढ, एकटेपणा, झोप न लागणे, पहिल्या चाचणीत आलेले अपयश या गोष्टी फोनवर घरी सांगितल्या जात नाहीत. आई बांधीतून थकून आली असेल, तिला कशाला त्रास, असे मुलांना वाटते. केंद्र शासनाची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. त्याहून जवळचा उपाय म्हणजे आपल्या तालुक्यातील वरच्या वर्गात शिकणारा दादा किंवा ताई. नागपुरात शिकणारे सडक अर्जुनी, साकोली व अर्जुनी मोरगावचे विद्यार्थी थोडे विचारल्यावर सापडतात. खोली कुठे मिळेल, कोणता लिपिक दुपारी तीननंतर भेटतो आणि कोणत्या खानावळीत भात मनसोक्त मिळतो, हे त्यांनाच ठाऊक असते.

पालकांनीही वर्षातून एकदा तरी महाविद्यालयात जावे. त्यासाठी रोवणी आटोपल्यानंतरचा, पोळ्याच्या आसपासचा काळ सोयीचा असतो. तोपर्यंत वर्ग रुळलेले असतात. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकला आहे ते कार्यालयात कळते आणि हजेरीत काही कमी पडत असल्यास हिवाळी परीक्षेपूर्वी ती भरून काढण्याइतका वेळही हाताशी असतो.